विंडोजवर जावा ८, १७ आणि २१ एकत्र ठेवताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

जावा १७ टाकला, इन्स्टॉलरने सगळं नीट झाल्याचं सांगितलं, तरी टर्मिनल ८च दाखवतं. किंवा टर्मिनल १७ दाखवतं, पण मेव्हन (कोडमधून प्रोग्राम बांधणारं साधन) बिल्ड करताना ८च पकडतो. मग वैतागून सगळे जावा अनइन्स्टॉल करायचे, पुन्हा टाकायचे, आणि आठवड्याने परत तेच. अशा वेळी इन्स्टॉलेशन बहुतेकदा चुकलेलं नसतंच. ‘जावा’ म्हटल्यावर विंडोजला कोणती फाइल सापडते हे न बघताच आपण बदल करायला लागतो, तिथे गाडी अडते. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी बघा, मग साफ करा, मग टाका, मग जोडा.

हा लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे. लिनक्स किंवा मॅक असेल तर सरळ एसडीकेमॅन (जावाची व्हर्जन सांभाळणारं साधन) वापरा, यातलं निम्मं तुम्हाला लागणारच नाही. आणखी एक: कमांड, फोल्डर आणि फाइलींची नावं इथे नागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती आकड्यांसकट इंग्रजीतच टाइप करायची.

## तयारी: कोणते जावा खरोखर लागणार?

आधी प्रोजेक्टांची यादी काढा. मेव्हन प्रोजेक्ट असेल तर ‘पॉम’ फाइलमध्ये ‘जावा डॉट व्हर्जन’ किंवा ‘मेव्हन डॉट कंपायलर डॉट रिलीज’ शोधा. ग्रेडल (मेव्हनसारखंच साधन) असेल तर ‘बिल्ड’ फाइलमधला टूलचेनचा, म्हणजे कोणता जावा वापरायचा ते सांगणारा, भाग बघा. स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) ३ ला किमान जावा १७ लागतो. स्प्रिंग बूट २.७ जावा ८ वरही चालतो. बहुतेकांचं काम दोन व्हर्जनांत भागतं, क्वचित तीन. ‘असू द्या’ म्हणून पाच टाकू नका, प्रत्येकाचे अपडेट तुम्हालाच सांभाळायचे आहेत.

घेताना दीर्घकाळ सपोर्ट असलेलीच व्हर्जन घ्या: ८, ११, १७, २१, २५. कंपाइल करायचं असेल तर जेडीके (प्रोग्राम बनवायचा संच) लागतो, नुसत्या जेआरईमध्ये (प्रोग्राम फक्त चालवायचा संच) कंपायलर नसतो.

ऑफिसच्या कामासाठी ओरॅकलच्या परवान्याच्या अटी वाचल्याशिवाय त्यांचा जेडीके टाकू नका. २०१९ च्या एप्रिलपासून जावा ८ च्या नव्या अपडेटना व्यावसायिक वापरासाठी वेगळ्या अटी लागू आहेत. अडॉप्टियमचा टेमुरिन किंवा अ‍ॅमेझॉनचा कोरेटो घेतलात तर हा प्रश्नच उरत नाही.

## पायरी १: सध्या काय आहे ते बघा

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एकेक करून द्या:

१. ‘व्हेअर जावा’
२. ‘व्हेअर जावासी’ (जावासी म्हणजे जावाचा कंपायलर)
३. ‘जावा -व्हर्जन’
४. ‘इको %जावा_होम%’ (मुख्य जेडीकेचा फोल्डर सांगणारं व्हेरिएबल)
५. मेव्हन असेल तर ‘एमव्हीएन -व्हर्जन’

पहिल्या कमांडला दोन-तीन ओळी आल्या तर सगळ्यात वरची ओळ म्हणजे प्रत्यक्षात चालणारा जावा. खालच्या नुसत्या रांगेत उभ्या आहेत. आता पहिल्या आणि दुसऱ्या कमांडची वरची ओळ शेजारी ठेवा. दोन्ही एकाच फोल्डरमधल्या हव्यात. ‘जावा’ एका फोल्डरातून आणि ‘जावासी’ दुसऱ्यातून येत असेल, तर १७ ने कंपाइल होऊन ८ वर चालवायचा प्रयत्न होतो आणि प्रोग्राम सुरू होण्याआधीच आपटतो.

पॉवरशेलवाल्यांनी लक्ष द्या. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ ही वेगळीच कमांड आहे. ‘व्हेअर जावा’ दिलंत तर काहीच छापलं जात नाही आणि जावाच नाही असा समज होतो. तिथे ‘व्हेअर.ईएक्सई जावा’ असं पूर्ण लिहा. ‘इको’ची ओळही तिथे चालत नाही, ‘$एन्व्ह:जावा_होम’ लिहावं लागतं.

‘-व्हर्जन’मध्ये एकच रेघ ठेवा. दोन रेघांचं रूप जावा ९ पासून आलं, जावा ८ ला ते कळत नाही. शिवाय ही कमांड आपलं उत्तर एररच्या वाटेने छापते. त्यामुळे साध्या ‘>’ ने फाइलमध्ये घ्यायला गेलात तर फाइल रिकामी राहते. ‘२>’ वापरा, नाहीतर हाताने कॉपी करा.

हे सगळं नोटपॅडमध्ये ठेवा. सोबत पाथही (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतो त्या फोल्डरांची यादी; ती पायरी २ मधल्या खिडकीत दिसते) जसाच्या तसा कॉपी करून ठेवा, सिस्टिमचा वेगळा आणि युजरचा वेगळा. पुढे काही बिघडलं तर परतीची वाट तीच.

## पायरी २: पाथमधली जुनी घुसखोरी काढा

स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट’ टाइप करा आणि सिस्टिम व्हेरिएबल बदलण्याची खिडकी उघडा. खालच्या भागातल्या सिस्टिम व्हेरिएबलांत ‘पाथ’ निवडून ‘एडिट’ दाबा.

आता ‘ओरॅकल\जावा\जावापाथ’ अशा शेवटाच्या नोंदी शोधा. ओरॅकलचा इन्स्टॉलर ही नोंद गुपचूप पाथमध्ये, तीही वरच्या बाजूला, टाकतो. ती ‘प्रोग्राम फाइल्स\कॉमन फाइल्स’च्या खाली असते, जुन्या मशीनवर ‘प्रोग्रामडेटा’च्या खाली. नवा जावा टाकूनही जुनाच उत्तर देतो, याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. नोंद काढा, फोल्डर राहू द्या. इतर जावांच्या ‘बिन’ फोल्डरांच्या नोंदीही काढा, कारण पुढे आपण एकच ठेवणार आहोत.

फार जुन्या मशीनवर ‘विंडोज\सिस्टिम३२’मध्येच एखादी ‘जावा.ईएक्सई’ पडलेली असते. पायरी १ मध्ये ती दिसली असेल तर तिचं नाव बदलून ठेवा, लगेच पुसू नका.

इथे थांबा. मशीनवर आधीपासून असलेला जावा ८ दुसरं कोणी वापरतंय का? डिजिटल सहीची जुनी साधनं किंवा अकाउंट्स विभागातलं एखादं सॉफ्टवेअर त्यावर उभं असू शकतं. पाथमधली नोंद काढल्यावर ती सॉफ्टवेअर उघडून बघा, आणि तोवर कंट्रोल पॅनेलमधून काहीही अनइन्स्टॉल करू नका. तो जावा ८ ठेवायचाच असेल तर हेही लक्षात असू द्या की त्याचा आपोआप अपडेट आला की ‘जावापाथ’ची नोंद परत येऊ शकते.

## पायरी ३: झिप उतरवा, इन्स्टॉलर नको

माझं मत स्पष्ट आहे: एकापेक्षा जास्त जावा ठेवायचे असतील तर इन्स्टॉलर वापरूच नये. झिपमधून उघडलेला जेडीके पाथला, रजिस्ट्रीला, कशालाच हात लावत नाही. फोल्डर पुसला की गेला.

१. ‘सी’ ड्राइव्हच्या मुळाशी ‘जावा’ नावाचा फोल्डर करा. ‘प्रोग्राम फाइल्स’ टाळा, त्या नावातली मोकळी जागा जुन्या बॅच फाइलींना अजूनही पचत नाही. फोल्डरचं नाव देवनागरीतही देऊ नका.
२. टेमुरिनच्या पानावरून प्रत्येक व्हर्जनची झिप घ्या. साध्या इंटेल किंवा एएमडी मशीनला ‘एक्स६४’ लागतं.
३. उघडलेल्या फोल्डरांना छोटी नावं द्या: ‘जेडीके८’, ‘जेडीके१७’, ‘जेडीके२१’. अपडेटचा आकडा नावात ठेवू नका, नाहीतर दर तीन महिन्यांनी सगळ्या सेटिंग बदलत बसाल.

तपासा: ‘सी:\जावा\जेडीके१७\बिन\जावा.ईएक्सई’ ही फाइल नेमकी याच जागी दिसायला हवी. झिप उघडताना विंडोज फोल्डरात फोल्डर करून ठेवतो, आणि मग ‘बिन’ एक पातळी आत जातो. असं झालं असेल तर आतला फोल्डर बाहेर काढा.

चुकून ३२ बिट जावा ८ घेतलात तर लगेच कळत नाही. पुढे मेमरीची मर्यादा दोन जीबीच्या आसपास वाढवायला गेलात की ‘हीपसाठी जागा राखता येत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो. मशीनमध्ये १६ जीबी रॅम असली तरी येतो. त्यामुळे डाउनलोड करतानाच बघून घ्या.

## पायरी ४: एकच मुख्य जावा ठरवा

जो रोज लागतो तो मुख्य. समजा १७.

१. सिस्टिम व्हेरिएबलांत ‘जावा_होम’ करा, किंमत ‘सी:\जावा\जेडीके१७’.
२. सिस्टिमच्याच पाथमध्ये ‘%जावा_होम%\बिन’ ही नोंद टाका आणि ‘मूव्ह अप’ दाबत सगळ्यात वर न्या.
३. उघडी सगळी टर्मिनलं बंद करा.

किंमत लिहिताना तीन चुका नेहमी होतात: शेवटी ‘\बिन’ लावणं, किमतीला अवतरणचिन्ह घालणं, आणि शेवटी अर्धविराम ठेवणं. यातली कोणतीही नको. ‘\बिन’ फक्त पाथच्या नोंदीत.

आता सिस्टिम आणि युजर यांचा घोळ, कारण निम्मे लोक इथेच फसतात. ‘जावा_होम’ दोन्हीकडे असेल तर युजरची किंमत जिंकते. पाथचा हिशेब उलटा आहे: विंडोज आधी सिस्टिमचा पाथ घेतो आणि त्याच्या मागे युजरचा जोडतो, म्हणजे तिथे सिस्टिमचा जावा आधी सापडतो. त्यामुळे युजरमध्ये १७ आणि सिस्टिममध्ये ८ असेल तर मेव्हनला ‘जावा_होम’मधून १७ मिळतो आणि नुसतं ‘जावा’ म्हटलं की ८ चालतो. दोन्ही नोंदी सिस्टिममध्येच ठेवा आणि युजरमधल्या ‘जावा_होम’ला निरोप द्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिनचे अधिकार नसतील तर सिस्टिमचा पाथ बदलता येणार नाही. अशा वेळी पायरी ५ हाच तुमचा मार्ग.

धोका: ‘सेटएक्स’. पाथ बदलायला ‘सेटएक्स पाथ "%पाथ%;..."’ अशी ओळ बऱ्याच ठिकाणी सुचवलेली दिसते. ती देऊ नका. ‘सेटएक्स’ १०२४ अक्षरांनंतरचं सगळं कापून टाकतं, आणि कापलेला पाथ तसाच साठवतं. वर सिस्टिम आणि युजरचे दोन्ही पाथ एकत्र करून एकाच जागी कोंबतं. पायरी १ मध्ये पाथ कॉपी करून ठेवायला सांगितला तो अशाच प्रसंगासाठी.

तपासा: नवं टर्मिनल उघडून पायरी १ च्या पाचही कमांड पुन्हा द्या. उत्तर सगळीकडे १७ हवं. एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये जुनंच दिसत असेल तर नुसती टर्मिनलची टॅब बंद करून भागत नाही. ते टर्मिनल व्हेरिएबल एडिटरकडून घेतं, म्हणून एडिटरच पूर्ण बंद करून उघडा.

## पायरी ५: एका खिडकीपुरता जावा बदला

दर वेळी सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हर्जन बदलणं ही वाईट सवय आहे. एका खिडकीत जुना प्रोजेक्ट ८ वर आणि शेजारच्या खिडकीत नवा २१ वर, असं व्हायला हवं. त्यासाठी ‘सी:\जावा’मध्ये छोट्या बॅच फाइली करा. ‘जे८.बॅट’मध्ये एवढंच:

‘@इको ऑफ’
‘सेट "जावा_होम=सी:\जावा\जेडीके८"’
‘सेट "पाथ=%जावा_होम%\बिन;%पाथ%"’
‘जावा -व्हर्जन’

याच धर्तीवर ‘जे१७’ आणि ‘जे२१’. ‘सी:\जावा’ हा फोल्डर पाथमध्ये टाकलात (युजरच्या पाथमध्येही चालेल) की कुठूनही ‘जे८’ टाइप करून चालेल. ती खिडकी बंद केली की बदल संपला.

- बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. ‘सेट’ला ती जागा नावाचा भाग वाटते, आणि शेवटी मोकळी जागा असलेलं एक वेगळंच व्हेरिएबल तयार होतं. दिसायला सगळं ठीक, चालत मात्र काहीच नाही.
- बॅच फाइलमध्ये ‘सेटलोकल’ लिहू नका. फाइल संपताच बदल पुसले जातात.
- पॉवरशेलमधून बॅच फाइल चालवली तर ती आत वेगळा कमांड प्रॉम्प्ट उघडते, बदल त्यात होतात आणि त्याच्यासोबत जातात. पॉवरशेल वापरणाऱ्यांनी ‘.पीएस१’ फाइल करून त्यात ‘$एन्व्ह:जावा_होम’ आणि ‘$एन्व्ह:पाथ’ला किंमत द्यावी.

## पायरी ६: बिल्डची साधनं आणि एडिटर

मेव्हन ‘जावा_होम’ बघतो, त्यामुळे पायरी ५ त्याला पुरते. ग्रेडलचं तसं नाही. ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’मध्ये ‘ऑर्ग डॉट ग्रेडल डॉट जावा डॉट होम’ लिहिलेलं असेल तर तो ‘जावा_होम’ला विचारतही नाही. शिवाय ग्रेडलच्या प्रत्येक व्हर्जनला चालणारे जावा ठरलेले आहेत: जावा १७ वर चालायला ग्रेडल ७.३ किंवा पुढचं हवं, २१ साठी ८.५. ‘मेजर व्हर्जन ६५’ची (म्हणजे जावा २१ ची) तक्रार ग्रेडलकडून आली तर तुमचा कोड निर्दोष आहे, ग्रेडल जुना आहे. टीममध्ये काम करत असाल तर टूलचेन प्रोजेक्टमध्येच लिहून टाका, म्हणजे प्रत्येकाच्या मशीनवर वेगळा वाद होत नाही.

इंटेलिजेमध्ये जावा निदान चार जागी ठरतो: प्रोजेक्टचा एसडीके, लँग्वेज लेव्हल, मेव्हनचा रनर आणि ग्रेडलचा जेव्हीएम. एक बदलून बाकीचे तसेच ठेवले की ‘टर्मिनलमध्ये चालतं, एडिटरमध्ये नाही’ हे गाऱ्हाणं सुरू होतं. एक्लिप्समध्ये ‘इन्स्टॉल्ड जेआरई’ आणि कंपायलरची पातळी, दोन्ही बघा.

नव्या जेडीकेने जुन्या जावासाठी कंपाइल करायचं असेल तर ‘-सोर्स’ आणि ‘-टार्गेट’वर विसंबू नका. ती दोन्ही फक्त भाषा आणि क्लास फाइलचा साचा सांभाळतात, लायब्ररी मात्र नव्याच जेडीकेची वापरली जाते. मग १७ वर बिनतक्रार कंपाइल झालेला कोड ग्राहकाच्या जावा ८ वर ‘अशी मेथडच नाही’ म्हणून पडतो. ‘बाइटबफर’च्या ‘फ्लिप’ मेथडने असं बऱ्याच जणांना छळलं आहे, कारण जावा ९ पासून तिचा परतीचा प्रकार बदलला. ‘--रिलीज ८’ वापरा, ते लायब्ररीही ८ चीच धरतं. २१ वर ते अजून चालतं, फक्त ८ जुना झाल्याची वॉर्निंग देतं.

## पायरी ७: देवनागरी मजकूर वेगळा तपासा

व्हर्जन बदलल्यावर इंग्रजी मजकुराचे प्रोग्राम सहसा तसेच चालत राहतात. मराठीचे मात्र चालता चालता बिघडतात आणि एररही देत नाहीत. म्हणून ही पायरी वेगळी ठेवली आहे.

जावा १७ पर्यंत, कोडमध्ये एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) सांगितलं नसेल तर जावा विंडोजचं एन्कोडिंग धरतो. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुधा विंडोज-१२५२ असतं. जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं. परिणाम असे:

- यूटीएफ-८ मधली मराठी फाइल साध्या ‘फाइलरीडर’ने ८ किंवा १७ वर वाचली तर अक्षरांच्या जागी टोपी घातलेली लॅटिन अक्षरं येतात, २१ वर तीच फाइल नीट दिसते.
- ८ किंवा १७ वर साध्या ‘फाइलरायटर’ने मराठी लिहिलं तर प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. हा मजकूर परत मिळत नाही.
- उलट प्रकार जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फाइलींचा. श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात १२७ च्या वरचे बाइट असतात. १७ ने ते जसेच्या तसे वाचले. २१ त्यांना चुकीचं यूटीएफ-८ समजतो आणि त्यांच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह ठेवतो. तीच फाइल पुन्हा सेव्ह केली की मूळ बाइट गेले.

म्हणून २१ वर जाण्याआधी अशा फाइलींची प्रत बाजूला ठेवा. कायमचा उपाय म्हणजे कोडमध्ये दर ठिकाणी एन्कोडिंग नावाने सांगणं. तोवर तात्पुरतं ‘-डी फाइल.एन्कोडिंग=कॉम्पॅट’ (सगळं सलग, जागा न सोडता) दिलंत तर २१ जुन्या पद्धतीने वागतो.

कंपाइल करतानाही हेच. कोडमध्ये मराठी शब्द थेट लिहिले असतील तर ‘जावासी’ला ‘-एन्कोडिंग यूटीएफ-८’ द्या, मेव्हनमध्ये सोर्स एन्कोडिंगची प्रॉपर्टी लिहा.

## पायरी ८: सर्टिफिकेट आणि सर्व्हिस

प्रत्येक जेडीकेची सर्टिफिकेटांची स्वतःची पेटी असते, ‘सीएसर्ट्स’ नावाची फाइल. ऑफिसच्या प्रॉक्सीचं सर्टिफिकेट तुम्ही जावा ८ मध्ये घातलं असेल, तर १७ ला त्याचा पत्ता नसतो. मेव्हन डाउनलोड करताना ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणतो तेव्हा नेटवर्कवाल्यांना फोन करण्याआधी हे बघा. १७ आणि २१ मध्ये ही फाइल ‘लिब\सिक्युरिटी’त असते, ८ मध्ये त्याच्या आधी ‘जेआरई’ हा फोल्डर येतो.

टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो तुमचा पाथ बघत नाही. इन्स्टॉल करताना ठरलेला ‘जेव्हीएम.डीएलएल’ तो धरून बसतो; बदलायचा तर टॉमकॅटच्या सेटिंगच्या खिडकीतला जावा टॅब उघडा. जार फाइलवर डबल क्लिक केल्यावर चालणारा जावाही रजिस्ट्रीतून ठरतो, पाथवरून नाही.

## एरर दिसला की आधी हा आकडा बघा

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ एररमध्ये दोन आकडे असतात. मोठा आकडा फाइल कोणत्या जावाने कंपाइल झाली तो, लहान आकडा तुमचा चालू जावा कुठवर वाचू शकतो तो. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. आकड्यातून ४४ वजा केले की व्हर्जन मिळतं. ६१ आणि ५२ दिसले तर १७ चा माल ८ वर चालवताय. अनइन्स्टॉल करायची गरज नाही, त्या खिडकीत ‘जे१७’ द्या.

## पायरी ९: अपडेट करताना

ओपनजेडीकेचे सुरक्षा अपडेट जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येतात. नवी झिप वेगळ्या नावाने उघडा. मग एडिटर, ग्रेडलचा डेमन (मागे चालू राहणारा भाग) आणि चालू सर्व्हिस बंद करा, नाहीतर फाइली वापरात असल्याने विंडोज नाव बदलू देत नाही. डेमन ‘ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप’ने थांबतो. ‘जेडीके१७’चं नाव ‘जेडीके१७-जुना’ करा आणि नव्याला ‘जेडीके१७’ नाव द्या. पाथ किंवा ‘जावा_होम’ला हात लावावा लागत नाही. प्रॉक्सीचं सर्टिफिकेट मात्र नव्या पेटीत पुन्हा घालावं लागतं. एक पूर्ण बिल्ड आणि टेस्ट नीट झाल्यावरच ‘-जुना’ पुसा.